मोंतोने आणि वरचं टायबर खोरं, एका दिवसाची युद्धभूमी सफर : पाचापैकी चार तारे

ज्यांना घाई आहे त्यांना आधीच सांगतो : जा. पैसे वाया जात नाहीत. फक्त बुकिंग करताना ‘पायी फिरायचं जास्त ठेवा, जेवणाला कमी वेळ द्या’ एवढं कळवून ठेवा. आम्ही कळवलं नव्हतं. त्यामुळं दुपारच्या भर उन्हाचा चांगला तुकडा एका खाणावळीत गेला.

सेवा अशी आहे. सकाळी इटलीतल्या पेरुजा शहरातून गाडीत बसवतात, दुसऱ्या महायुद्धात 1944 च्या उन्हाळ्यात टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जिथं लढाया झाल्या ती गावं आणि डोंगर दाखवतात, संध्याकाळी परत आणून सोडतात. सगळं एकच माणूस बघतो : गाडी त्याचीच, चालवणारा तोच आणि वाटाड्याही तोच. साठीच्या पुढचा माणूस आहे, आधी सरकारी मोजणी खात्यात होता. त्याचा फायदा पदोपदी कळतो. हद्द, चढ, ओढा, जुनी पायवाट, सगळं त्याला तोंडपाठ. कुठल्या वळणावरून कुठली टेकडी दिसते आणि कुठली दिसत नाही हे तो न बघता सांगतो. पायदळाच्या लढाईत महत्त्व याच गोष्टीला असतं.

मी कोरेगाव तालुक्यातला शेतकरी. आलं, घेवडा, थोडा ऊस. मुलगी पेरुजाला शिकते. गणपती विसर्जन झालं, रानातली कामं भावावर टाकली आणि आम्ही उभयता तिच्याकडे गेलो. रोम बघितलं, व्हेनिस बघितलं. चांगलंच आहे, पण गर्दी आपल्या यात्रेला लाजवेल अशी. मला खरं बघायचं होतं ते आमचे आजोबा जिथं लढले ते रान.

आजोबा 1942 ला भरती झाले. जिरायती जमीन, खाणारी तोंडं जास्त, त्यात पावसानं दिलेला दगा. बेळगावला ट्रेनिंग झालं आणि मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये गेले. फौजेत तिला थर्ड-फिफ्थ म्हणत, कारण तेव्हा रेजिमेंटचं नाव फिफ्थ मराठा होतं. ही पलटण 1941 मध्ये एरिट्रियात केरनला लढून आलेली. आजोबा नंतरच्या भरतीतले, त्यांच्या वाट्याला इटली आली. गावात त्यांना शेवटपर्यंत ‘मेजर’ म्हणत. आमच्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो. प्रत्यक्षात ते शिपाई म्हणून गेले आणि शिपाई म्हणूनच परत आले. मधे कधीतरी लान्स नाईकची फीत मिळाली होती. ती कशामुळं गेली, हे त्यांनी आजीलाही सांगितलं नाही. घरी ट्रंकेत इटली स्टार हे पदक आहे, लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीचा. पे-बुक वाळवीनं खाल्लं.

आता सेवेकडे येतो. चौकशीचा ईमेल मुलीनं पाठवला. उलट उत्तर आलं त्यात त्याचा पहिला प्रश्न होता : पलटण कुठली? दुसरा : कुठल्या महिन्यात इथं होते? ही गोष्ट मला फार आवडली. नाहीतर सहलवाले आधी किती माणसं आणि नाश्त्याला काय ते विचारतात. आम्ही थर्ड-फिफ्थ आणि जुलै 1944 कळवल्यावर त्यानं दिवसाचा बेतच बदलला. त्याचा नेहमीचा बेत ब्रिटिश आणि न्यूझीलंडच्या पाहुण्यांसाठी बेतलेला असतो. आमच्यासाठी त्यानं तो दहाव्या हिंदी डिव्हिजनभोवती बांधला. थर्ड-फिफ्थ याच डिव्हिजनमध्ये होती.

सकाळी मात्र ठरलेल्या वेळेनंतर बराच उशिरा आला. फोन नाही, काही नाही. गाडी लहान. मागच्या सीटवर आमची मंडळी आणि मुलगी, वर त्याच्या फायलींचे गठ्ठे. एसी होता, पण नावाला. हे सगळं माफ, कारण पुढचं चांगलं होतं. तरी नोंद असावी.

पहिला थांबा नदीकाठी. तिथं त्यानं बॉनेटवर नकाशा पसरला आणि व्याख्यान सुरू केलं. दोस्तांचा सेनापती अलेक्झांडर, जर्मनांचा केसेलरिंग, ब्रिटिशांची आठवी आर्मी, जर्मनांची माघार घेत घेत लढायची पद्धत. एक आकडा मात्र लक्षात राहिला. पेरुजा 20 जून 1944 ला मोकळं झालं आणि याच खोऱ्यात वर उत्तरेला असलेलं चित्ता दी कास्तेल्लो 22 जुलैला. आज हा रस्ता गाडीनं तासाभराच्या आत संपतो. पायदळाला महिना लागला. रस्ता खालून नदीच्या कडेनं जातो आणि दोन्ही अंगाला डोंगर. डोंगर जर्मनांकडे. त्यामुळं खालच्या सपाट रस्त्यानं जायचं तर आधी वरचा प्रत्येक कडा घ्यायचा. घेतला की जर्मन मागच्या कड्यावर जाऊन बसलेले असत. मग तिथून पुन्हा सुरुवात.

त्याच्या फायलीत हिंदी सैनिकांचे फोटो बरेच होते, पण जवळजवळ सगळे फेटेवाले शीख. मी मुलीला म्हटलं, विचार याला, आमची माणसं कुठं आहेत? तो हसला नाही, ओशाळलाही नाही. खालच्या फायलीतून त्यानं एक कागद काढला आणि म्हणाला, ‘तुमची माणसं फोटोत कमी आणि डोंगरावर जास्त.’ उत्तर तयार ठेवलेलं असावं, पण खोटं नव्हतं. इटलीत चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन हिंदी डिव्हिजन लढल्या, पन्नास हजारांवर माणसं. त्यातली 5,782 परत आली नाहीत. व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वांत मोठं पदक. इटलीच्या लढाईत ते एकूण 20 दिले गेले, त्यातले सहा हिंदी सैन्याला आणि त्या सहांतले दोन मराठा पलटणीला. हे मला आधी माहीत होतं. तरी परक्या माणसाच्या तोंडून ऐकताना छाती जरा फुगलीच, नाही कशाला म्हणू.

त्या दोघांतले एक नाईक यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या कुलाब्यातल्या, पळसगावचे. वय 22. आजोबांच्याच बटालियनचे. मुंबई-गोवा रस्त्यावर माणगावला त्यांचा पुतळा आहे, तो मी पाहिलेला. मोंतोने हे डोंगरावरचं तटबंदीचं गाव आहे आणि तिथं 2023 च्या जुलैत घाडग्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. गावच्या पंचायतीनं आणि तिथल्या युद्ध-इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून ते केलं. वर लॅटिनमध्ये लिहिलंय, त्याचा अर्थ सगळे एकाच सूर्याखाली. दगडाची घोटीव, भपकेदार गोष्ट असेल असं वाटलं होतं. तसं काही नाही, साधं आहे आणि ते बरंच आहे. आमची मंडळी तिथं चप्पल काढून उभी राहिली. वाटाड्यानं ते पाहून आपली टोपी काढली.

10 जुलै 1944 ला काय झालं ते त्यानं तिथं उभं राहून सांगितलं आणि चांगलं सांगितलं. पदकाच्या मानपत्रातला मजकूर त्याला पाठ आहे, पण त्यानं तो म्हणून दाखवला नाही. हात करून जागा दाखवत गेला. घाडग्यांचं सेक्शन, म्हणजे त्यांच्या हाताखालची छोटी तुकडी, चढत होतं. अगदी जवळून मशिनगन सुरू झाली आणि सेक्शनमधला एकूण एक माणूस मेला किंवा जखमी झाला. उभे राहिले फक्त घाडगे. मागं कुणी नाही हे त्यांना दिसत होतं. ते एकटेच त्या मशिनगनवर धावले. आधी ग्रेनेड टाकला, त्यात गन आणि ती चालवणारा संपला. टॉमीगननं, म्हणजे हातातल्या छोट्या मशिनगननं, आणखी एकाला पाडलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्यानं मारलं. मग शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या आणि एकट्यानं घेतलेल्या त्याच मोर्च्यात ते गेले. त्यांची कबर कुठं सापडली नाही. नाव आहे ते खाली दक्षिणेला कॅसिनो गावच्या युद्धस्मारकावर.

ऐकून झाल्यावर मी एक प्रश्न विचारला : सेक्शनमधले बाकीचे कोण होते?

वाटाड्यानं वॉर डायरीची, म्हणजे पलटणीच्या रोजच्या नोंदवहीची, प्रत काढली. मूळ डायऱ्या लंडनजवळ क्यूच्या अभिलेखागारात असतात, तो स्वतः जाऊन प्रती घेऊन आलाय. बोट फिरवत बसला. अधिकाऱ्यांची नावं आहेत. शिपायांचे आकडे आहेत. इतके ठार, इतके जखमी, इतके बेपत्ता. नावं नाहीत. ‘सगळ्या डायऱ्या अशाच,’ म्हणाला. त्याचा दोष नाही. पण या सहलीत माझी खरी तक्रार कुठली असेल तर ती इथं आहे. शौर्याचा एक क्षण तो उत्तम सांगतो, सेनापतींचे बेतही सांगतो. त्या दोहोंच्या मधला, आमच्या आजोबांसारखा माणूस, ज्यानं महिनाभर रोज पाणी, डबे आणि पेट्या वर वाहून नेल्या, त्याच्याबद्दल त्याच्या फायलींत काही नाही. तो माणूस सापडतो तो डोंगर चढायला लागल्यावर. म्हणून वर म्हटलं, पायी फिरायचं जास्त मागा.

चढ सुरू होतो एका कच्च्या रस्त्यानं. जीप इथपर्यंत यायच्या, पुढं खेचरं आणि जिथं खेचरं थकायची तिथून माणसाची पाठ. वाटाड्या हे सांगत होता तेव्हा मी खाली माती बघत होतो. चिकण माती, राखाडी, मधे मधे चुनखडीचे खडे. सप्टेंबरात वाळून भेगाळलेली. पाऊस पडला की ही माती बुटाला काय करत असेल ते शेतकऱ्याला सांगायला नको. आजोबा इटलीबद्दल फार थोडं बोलायचे, त्यात चिखल असायचाच. त्या वर्षीच्या हिवाळ्यात पुढं उत्तरेच्या डोंगरांत तो भोगला असणार. जुलैत मात्र इथं गहू उभा होता.

गव्हाची गोष्ट मात्र ते सांगायचे. पिकलेला गहू, कापणीला आलेला, काही ठिकाणी अर्धा कापून तसाच सोडलेला, आणि त्यातून पोटावर सरकत जायचं. कणसं तुटायची, दाणे कॉलरमध्ये जायचे. मागचा हवालदार शिव्या घालायचा की डोकं खाली घे. आणि यांच्या मनात, हे कुणाचं तरी वर्षाचं पीक आहे. ‘जर्मनाला मारायला काही वाटलं नाही, गहू तुडवायला जिवावर आलं,’ असं म्हणायचे. ऐकणारे हसायचे. ते हसत नसत.

आणखी एक. गावात त्यांची चाल सगळ्यांना माहीत होती. बांधावरून जाताना काठीनं पुढची माती टोचत जायचे. स्वतःच्या रानातसुद्धा. पोरं नक्कल करायची. वाटाड्याकडे याचा उलगडा मिळाला आणि तो न मागता मिळाला. जर्मन सुरुंगांतला एक प्रकार लाकडी पेटीचा असायचा, सुरुंग शोधायचं यंत्र धातू शोधतं, लाकडापुढं त्याचं काही चालत नाही. म्हणून संगीन तिरकी धरून माती टोचत, वीत वीत पुढं सरकायचं. त्यानं गुडघ्यावर बसून एक काटकी घेऊन करून दाखवलं. सरळ नाही टोचायची, तिरकी टोचायची, म्हणजे टोक सुरुंगाच्या कडेला लागतं, माथ्यावर दाब पडत नाही. आजोबांची काठी तिरकीच असायची. सरळ काठी टेकून चालताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. मुलगी हे इटालियनमधून मराठीत आणत होती, ती मधेच थांबली आणि माझ्याकडे बघायला लागली. तिनं आजोबांना पाहिलेलं नाही, पण काठीची गोष्ट घरात सगळ्यांनी ऐकलेली आहे.

लढाई सरकून गेल्यावरही कितीतरी वर्षं इथं नांगरताना माणसं मेली, असं तो म्हणाला. आजोबांना 1946 मध्ये घरी सोडलं, आल्या वर्षीच त्यांनी पेरणी केली. पायाखालच्या मातीवर भरवसा नसताना माणूस नांगराला हात कसा घालतो, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

वर एका कड्यावर दगडी घर आहे, बाहेरून जिना, खाली गोठा आणि वर राहायची जागा. इकडची जुनी शेतकऱ्यांची घरं सगळी अशीच. शेजारच्या रानात तंबाखू. हे खोरं तंबाखूचं आहे, मला ठाऊकच नव्हतं. खालची पानं आधी तोडायची, मग वरची, हे काम चालू होतं. मालक बांधावर आला. वाटाड्याची आणि त्याची ओळख आहे, त्याच्या परवानगीनंच ही वाट जाते. पुढचा अर्धा तास माझा. तंबाखू वाळवायला गॅस लागतो, त्याचा खर्च वाढलाय. मजूर मिळत नाही, पोरं शहरात. रानडुकरं मका लोळवतात. मी म्हटलं, आमच्याकडेही तेच. त्यानं विचारलं, तुम्ही गोळी घालता का? मी म्हटलं, आम्ही वनखात्याला अर्ज घालतो. हे भाषांतर करताना मुलीला हसू आवरेना.

त्याच्या शेडमध्ये एक पत्र्याची बादली होती. नांगराला जे लागतं ते त्यात टाकून ठेवतो. गंजलेले तुकडे, काडतुसांच्या पुंगळ्या, मॉर्टरच्या गोळ्याचं पंखांचं शेपूट. मी एक तुकडा हातात घेतला. कडा अजून धारदार होती. वाटाड्यानं लगेच बजावलं की रानातलं काही आपण होऊन उचलायचं नाही, पूर्ण गोळा दिसला तर लांब उभं राहून पोलिसांना कळवायचं. लहान मुलं बरोबर असतील तर हे लक्षात ठेवा.

तिथंच कळलं की 1944 मध्ये इथले बहुतेक शेतकरी वाटेकरी होते. जमीन मालकाची, कष्ट यांचे, पीक अर्धं-अर्धं. वाटाड्याची आजी अशाच घरातली. जर्मन मागं हटताना गोठ्यातले बैल घेऊन गेले आणि मालकाचा कारभारी मात्र त्या वर्षीही हिश्श्याचा हिशोब मांडायला आला, असं ती सांगायची म्हणे. बैल म्हणजे किआनिना, पांढरेशुभ्र आणि प्रचंड, जगातली सगळ्यांत थोराड जात. आजोबा सांगायचे की इटलीत खिलारापेक्षा हातभर उंच पांढरे बैल असतात, आणि पारावर कुणी विश्वास ठेवत नसे. वाटाड्याच्या फायलीत एका जोडीचा जुना फोटो निघाला, शेजारी उभ्या माणसाचं डोकं बैलाच्या खांद्याशी. मी मोबाइलवर त्याचा फोटो काढून भावाला पाठवला. त्यानं गावच्या ग्रुपवर टाकला. ज्या म्हाताऱ्यांना तो दाखवायला हवा होता त्यातलं आता कुणी नाही.

आजोबांनी याच कड्यावर पेट्या वाहिल्या की पलीकडच्या, हे कुणी सांगू शकत नाही. वाटाड्यानंही ‘इथंच’ असं सांगून आमचं मन राखलं नाही. ‘तुमची पलटण या पट्ट्यात होती, याहून पुढचं मी बोलणार नाही,’ म्हणाला. गाइड लोकांची बाकी ठिकाणची सवय पाहता याला मी पूर्ण एक तारा देतो.

मग ते जेवण. वाटाड्याच्या ओळखीची खाणावळ, एकामागून एक पदार्थ येत राहिले. तव्यावर भाजलेली जाड रोटी मिळते, तोर्ता अल तेस्तो म्हणतात, ती चांगली. पालेभाजी आणि चीज घालून घ्या. पाव अळणी असतो, त्यात मीठच घालत नाहीत, तेव्हा तक्रार करू नका. आमची मंडळी माळकरी. शाकाहारी आहोत असं आधी दोनदा कळवूनही पहिल्या ताटात डुकराच्या मांसाचे काप आले. ताट बदलून दिलं, पण तोवर तिनं नुसती फळं खाल्ली. जेवणाचे पैसे वेगळे, हेही आधी सांगितलं नव्हतं. आणि वेळ किती गेला म्हणाल, तर तेवढ्यात आणखी एक कडा चढून झाला असता.

दुपारनंतर आरेत्सोच्या युद्धस्मशानात नेलं. नेहमीच्या सफरीत हे नसतं, मागावं लागतं. जरूर मागा. प्रवेशाला पैसे नाहीत, फाटक उघडं. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाची देखभाल अशी की गवताचं एक पातं वाकडं नाही. 1,266 जणांच्या कबरी. पण आपल्याला बघायचं ते आतलं दहन-स्मारक. ज्यांना अग्नी दिला त्या 447 जणांची नावं तिथं कोरलेली आहेत. कबरी हिंदी मुसलमान सैनिकांच्याही आहेत, हिंदू-शिखांची नावं या स्मारकावर. मी ओळीनं वाचत गेलो. इंग्रजी स्पेलिंगमुळं आधी अडखळायला होतं, मग एकेक आडनाव ओळखीचं व्हायला लागतं. त्या धामधुमीत, तोफा चालू असताना, इतक्या जणांसाठी लाकूड कुणी आणि कुठून गोळा केलं असेल, हाच विचार माझ्या डोक्यात. वाटाड्यालाही विचारलं. तो म्हणाला, ‘हा प्रश्न आजवर मला कुणी विचारला नव्हता,’ आणि वहीत लिहून घेतला. एवढ्यानं सुद्धा मला तो माणूस पटला.

इथं त्यानं आम्हाला अजिबात घाई केली नाही. सकाळच्या व्याख्यानाची भरपाई त्यानं इथं गप्प राहून केली.

व्यवहाराचं सांगतो. दिवसाचे 260 युरो, माणशी नव्हे, गाडीचे. तिघांत परवडतं, एकट्याला महाग. रोख दिले, पावती मागितल्यावर मिळाली. इंग्रजी तो बोलतो, पण चढावर दमला की इटालियनवर येतो, त्यामुळं बरोबर कुणी भाषा जाणणारं असेल तर निम्मी मजा जास्त. गुडघे दुखणाऱ्यांनी वरचा चढ टाळावा. आमची मंडळी अर्ध्यातून एका ओकच्या सावलीला बसली आणि तिचं काही बिघडलं नाही. बूट घाला, सँडल नको. पाणी आपलं न्या, वर काही मिळत नाही. स्वच्छतागृह मोंतोनेत आहे, त्यानंतर थेट खाणावळीत. बायकांसाठी ही गैरसोय आहे आणि याबद्दल त्यानं आधी सूचना द्यायला हवी. जुलै-ऑगस्टात ऊन फार असतं म्हणे. सप्टेंबर आम्हाला मानवला.

घरातल्या सैनिकाची माहिती जमेल तेवढी आधी पाठवा. पलटण, साल, महिना. नुसतं ‘आमचे पणजोबा इटलीत होते’ एवढ्यावर तो काही करू शकत नाही आणि तसं स्पष्ट सांगतो. बटालियनचं नाव घरात कुणाला माहीत नसेल तर पेन्शनची कागदं, पदकं, जुनी पत्रं आधी धुंडाळा. तेवढं केलंत तर हा माणूस तुमच्यासाठी वेगळा दिवस बांधतो. केलं नाहीत तर नेहमीची सफर मिळेल, ती तीन ताऱ्यांची आहे.

एक तारा कापला तो उशीर, जेवण आणि फेटेवाल्या फोटोंचा मिळून. फोटोंबद्दल त्याला मी माणगावच्या पुतळ्याचा आणि आजोबांच्या पदकाचा फोटो पाठवून दिलाय. फाइलीत लावतो म्हणालाय.

सेनिओ नदीकडे मात्र तो नेत नाही. ते उत्तरेला, डोंगरापलीकडे, दुसऱ्या प्रांतात. तिथं 9 एप्रिल 1945 ला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे दुसरे मराठा, नगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव लढले, पहिल्या बटालियनचे, कंपनीचे रनर म्हणजे निरोप्ये. दोन जखमींना त्यांनी खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून पाठीवर अलीकडं आणलं, पुन्हा एकटे पलीकडं गेले आणि मशिनगनची तीन ठाणी बंद पाडली. हाताला लागल्यामुळं टॉमीगन चालेना, तेव्हा ग्रेनेडवर भागवलं. मग नदीच्या बांधावर उभे राहून शिवाजी महाराजांच्या नावाचा जयजयकार करत त्यांनी मागच्या कंपन्यांना पलीकडं बोलावलं. ते वाचले, घरी परतले आणि 1984 पर्यंत जगले. त्या बाजूचा एक वाटाड्या आहे म्हणून यानं फोन नंबर दिला. मुलीनं लावला. तो माणूस इंग्रजीचा एक शब्द बोलत नाही, गाडीही नाही, स्टेशनवरून सायकलीनं नेईन म्हणाला. पुढच्या वर्षी आल्याची लावण उरकली की बघू.